प्रलयानंतरची उतरंड

रहस्यकथा म्हटली की वाचक विचारतो, खुनी कोण? स्टुअर्ट टर्टन या इंग्रज लेखकाच्या ‘द लास्ट मर्डर अ‍ॅट द एन्ड ऑफ द वर्ल्ड’ (२०२४) या कादंबरीने मला दुसराच प्रश्न पडला : कुणाच्या मरणाला खून म्हणतात?

जीवघेण्या धुक्याने सारे जग गिळले आहे. उरले एक बेट. त्यावर १२२ गावकरी आणि तीन शास्त्रज्ञ. गावकरी राबतात, ठरल्या वेळी झोपतात, साठाव्या वर्षी मरतात. शास्त्रज्ञ मात्र शंभरी ओलांडूनही ताठ. साठीला मेलेल्यांचा तपास कुणी करीत नाही, ती रीतच! एका शास्त्रज्ञ बाईचा खून होतो आणि सारे बेट हादरते. १०७ तासांत खुनी सापडला नाही तर धुके आत येणार. त्यात त्या रात्रीची आठवणही सर्वांच्या डोक्यातून पुसलेली. शोध घेते ती एमरी, गावकऱ्यांतलीच. प्रश्न विचारते म्हणून आधीपासून नकोशी.

प्रलयात सगळे सारखे होतात, हा भाबडेपणा आमच्याकडे टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी दौंडकडे खडी फोडायला जाई. ऊन सगळ्यांना एकच, सुकडीही एकच. पाणी मात्र हिच्या ओंजळीत वरून ओतलेले.

शिरूरला वर्गात हे कथानक सांगितले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, आठवण पुसली तर जातही पुसंल की!”

कादंबरीत एकच रात्र पुसली जाते. कुणी कुणाचे ऐकायचे, हे सकाळी सगळ्यांना पाठ असते.