पाम स्प्रिंग्जमधील पर्यटन

पाम स्प्रिंग्ज हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड काउंटीमध्ये, कोचेला खोऱ्याच्या पश्चिम टोकाला वसलेले वाळवंटी विश्रामनगर आहे. लॉस एंजेलिसपासून ते पूर्वेकडे सुमारे १७० किलोमीटरांवर असून २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४४,५७५ होती. हॉलिवूडमधील नटनट्यांचे विश्रामस्थान, विसाव्या शतकाच्या मध्यातील आधुनिक वास्तुशैलीचे आगर आणि श्रीमंतांचे हिवाळी निवासस्थान अशी त्याची ख्याती आहे. या ख्यातीमुळे हे गाव सामान्य उत्पन्नाच्या प्रवाशासाठी नाही, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. येथील निवास महाग असला, तरी पाहण्यासारख्या गोष्टींपैकी बऱ्याच विनामूल्य किंवा अल्प शुल्कात पाहता येतात. प्रस्तुत लेखात गावाची माहिती मुख्यतः अशा प्रवाशाच्या दृष्टीने दिली आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलाबाळांकडे राहावयास गेलेल्या मराठी ज्येष्ठांनाही ती उपयोगी पडावी.

भूगोल आणि हवामान

गावाच्या पश्चिमेस सॅन हासिंटो पर्वत अक्षरशः भिंतीसारखा उभा आहे. त्याचे शिखर ३,३०२ मीटर उंच आहे, तर गाव समुद्रसपाटीपासून अवघ्या दीडशे मीटरांच्या आसपास आहे. पॅसिफिक महासागराकडून येणारे ढग या पर्वतापलीकडेच रिते होतात आणि अलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश उरतो. गावाचे वाळवंट आणि गावाचा निवांतपणा या दोहोंचे मूळ या पर्वतात आहे. दुपारी ऊन असतानाच डोंगराची सावली गावावर पसरू लागते, त्यामुळे हिवाळ्यातील सायंकाळ येथे लवकर होते. वायव्येकडील सॅन गोर्गोनिओ खिंडीतून मात्र वारा जोराने वाहतो. महामार्गाने येणाऱ्यास तेथील पवनचक्क्यांच्या रांगा गावाआधी दिसतात.

जानेवारीत दिवसाचे कमाल तापमान साधारणपणे २१-२२ अंश सेल्सिअस असते. जुलैमध्ये ते सरासरी ४२ अंशांच्या आसपास जाते. ५ जुलै २०२४ रोजी येथे ५१.१ अंश (१२४ अंश फॅरेनहाइट) हे गावाच्या इतिहासातील सर्वोच्च तापमान नोंदले गेले. खर्चाचा विचार करणाऱ्याने हे आकडे आधी ध्यानात घ्यावेत, कारण येथील खोल्यांचे भाडे तापमानाच्या नेमके उलट चालते.

जमीन कोणाची

या खोऱ्यात काविया लोक हजारो वर्षे राहत आले आहेत. गावाच्या मध्यभागी गरम पाण्याचा झरा असून त्यावरूनच स्पॅनिश भाषेत येथील जमातीस ‘आग्वा कालिएंते’, म्हणजे गरम पाणी, हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक चौरस मैलाच्या तुकड्यांत विभागून विषम क्रमांकांचे तुकडे रेल्वे कंपनीस देण्यात आले. सम क्रमांकांच्या तुकड्यांतून १८७६ व १८७७ मध्ये जमातीचे राखीव क्षेत्र निर्माण झाले. परिणामी गावाचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एक रस्ता ओलांडला की शहराच्या मालकीहक्कातून जमातीच्या जमिनीवर पाऊल पडते, आणि प्रवाशास त्याचा पत्ताही लागत नाही.

१८८४ मध्ये जॉन मॅकॅलम हे वकील आपल्या क्षयग्रस्त मुलासाठी कोरड्या हवेच्या शोधात येथे आले. गावातील पहिले कायमचे गोरे रहिवासी म्हणून त्यांची नोंद आहे. १९०९ मध्ये नेली कॉफमन यांनी ‘डेझर्ट इन’ सुरू केले. तेही आरंभी प्रकृती सुधारण्यासाठी येणाऱ्यांचे ठिकाण होते. चित्रपटसृष्टीची वर्दळ पुढच्या दशकांतली. गावास शहराचा दर्जा १९३८ मध्ये मिळाला.

आजच्या स्वस्त-महागाच्या चर्चेत सहसा न येणारा एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे. झऱ्याभोवतालचा चौदा क्रमांकाचा तुकडा जमातीच्या मालकीचा होता. तेथील जागा जमातीचे लोक कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाच्या आणि इतर श्रमिक कुटुंबांना भाड्याने देत. हॉटेलांत खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, सुतारकाम करणारे हे लोक होते. गावाच्या इतर भागांत वंशभेदी करारांमुळे त्यांना घर मिळत नसे. म्हणजे या महागड्या गावात गरिबाला परवडणारी वस्ती ती हीच होती. १९५९ मध्ये जमातीच्या जमिनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यास संमती मिळाली आणि या मोक्याच्या जागेचे मोल एकाएकी वाढले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील रहिवाशांना हुसकावण्यात आले आणि त्यांची घरे पाडून जाळण्यात आली. १९६८ मध्ये राज्याच्या महाअधिवक्त्याच्या कार्यालयातून आलेल्या अहवालाने याचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. खुद्द जमिनीचे मालकही सुखी नव्हते. न्यायालयाने त्यांच्यावर नेमलेले पालक त्यांच्याच उत्पन्नातून भरमसाट मोबदला घेत असत. हा गैरव्यवहार उघडकीस आणल्याबद्दल रिव्हरसाइड येथील वृत्तपत्रास १९६८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शहराने २०२१ मध्ये हुसकावलेल्या रहिवाशांची माफी मागितली, आणि २०२४ मध्ये माजी रहिवासी व त्यांच्या वारसांसाठी ५९ लाख डॉलरांची तडजोड मंजूर केली. त्या तुकड्यावर आज जमातीचे कॅसिनो, स्नानगृह व सांस्कृतिक संग्रहालय आणि शहराचे अधिवेशनगृह आहे. संग्रहालय नोव्हेंबर २०२३ मध्ये खुले झाले. गावात एकाच ठिकाणी तिकीट काढावयाचे असेल, तर ते येथे काढावे.

ऋतू आणि निवासाचा खर्च

नोव्हेंबर ते एप्रिल हा गर्दीचा हंगाम होय. त्यातही फेब्रुवारीतील आधुनिक वास्तुशैलीचा सप्ताह आणि एप्रिलमध्ये जवळच्या इंडिओ येथे दोन शनिवार-रविवारांना जोडून होणारा कोचेला संगीत महोत्सव या काळात भाडी कमालीची वाढतात. या तारखा टाळणे हाच बचतीचा सर्वांत मोठा उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे रविवार ते गुरुवार मुक्काम करणे. गावाची गिऱ्हाइके मुख्यतः लॉस एंजेलिसहून शुक्रवारी येतात आणि रविवारी परततात, त्यामुळे मधल्या वारी तीच खोली पुष्कळ स्वस्त मिळते. डिसेंबरचा पूर्वार्ध आणि नोव्हेंबरचे काही आठवडे हवा व भाडे या दोन्ही दृष्टींनी उत्तम मानावेत.

उन्हाळ्यातील स्वस्ताई मात्र फसवी आहे. जून ते सप्टेंबर या काळात तलावयुक्त हॉटेलेही निम्म्या किंवा त्याहून कमी भाड्यात मिळतात, हे खरे. परंतु त्या दिवसांत सकाळी नऊनंतर पायी फिरणे धोक्याचे असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीही पारा बहुधा २५ अंशांच्या खाली उतरत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळतो. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याची जाणीव होत नाही. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्याची सवय असलेल्यास हा उन्हाळा आरंभी सुसह्य वाटतो, आणि धोका नेमका तेथेच असतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांनी केवळ भाडे पाहून जुलै-ऑगस्टचा बेत आखू नये.

जाहिरातीतील भाड्याशिवाय द्यावे लागणारे ‘रिसॉर्ट शुल्क’ ही येथील जुनी तक्रार होती. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात अनिवार्य शुल्के जाहीर किमतीतच समाविष्ट करणे कायद्याने बंधनकारक झाले. सरकारी कर मात्र आजही वेगळे लागतात आणि त्यांपैकी शहराचा निवासकरच साडेअकरा टक्के आहे. वाहन उभे करण्याचे शुल्क आहे काय, हेही आधी विचारून घ्यावे. खोलीत लहानसे स्वयंपाकघर असलेली जुनी मोटेले गावात बरीच आहेत. भाजी-भाकरीची सवय असणाऱ्यास ती सोयीची पडतात. महामार्गापलीकडील डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या साध्या गावात खनिजयुक्त गरम पाण्याची कुंडे असलेली छोटी निवासस्थाने आहेत. तेथील भाडे सहसा कमी असते, परंतु स्वतःचे वाहन नसल्यास जाण्यायेण्यात वेळ मोडतो.

विनामूल्य व अल्पमोली आकर्षणे

वास्तुशिल्प हे येथील खरे वैभव असून त्याचा मोठा भाग रस्त्यावरून पाहता येतो. आल्बर्ट फ्राय हे स्विस वास्तुकार या परंपरेतील अग्रणी होत. पुढे चंदिगढची रचना करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसमधील कार्यालयात तरुणपणी त्यांनी काम केले होते. त्यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या नगरभवनाच्या छताला एक मोठे गोल छिद्र ठेवले असून त्यातून ताडाची झाडे वर गेली आहेत. गावाच्या उत्तरेच्या वेशीवरील, पंखासारख्या छताचा १९६५ चा पेट्रोल पंपही फ्राय व रॉब्सन चेंबर्स यांचाच. तेथे आता पर्यटक माहिती केंद्र आहे, म्हणून सहलीचा आरंभ तेथून करावा. रिचर्ड नॉइट्रा यांचे कॉफमन गृह (१९४६) जगप्रसिद्ध आहे, पण ते खासगी असल्याने कुंपणाबाहेरून फारसे दिसत नाही. त्याऐवजी दक्षिणेकडील ट्विन पाम्स वसाहतीतून सकाळी चालत जावे. विल्यम क्रायझेल यांनी आराखडे केलेली, फुलपाखराच्या पंखांप्रमाणे मध्यभागी खोलगट छप्परांची घरे तेथे ओळीने दिसतात. ही घरे मध्यमवर्गास परवडावीत म्हणून एकाच साच्यात बांधली गेली होती. आज त्यांच्या किमती ऐकून तो हेतू कोणास खरा वाटणार नाही.

दर गुरुवारी सायंकाळी पाम कॅन्यन ड्राइव्ह हा मुख्य रस्ता वाहनांस बंद करून तेथे ‘व्हिलेजफेस्ट’ हा बाजार भरतो. त्यास प्रवेशमूल्य नाही. हस्तकलेच्या वस्तू, फळे, खाद्यपदार्थ आणि गाणीबजावणी यांत दोन तास सहज जातात. गावातील कलासंग्रहालयातही गुरुवारी सायंकाळी ठरावीक वेळ विनामूल्य प्रवेश देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे मुक्कामात एक गुरुवार येईल असे पाहावे. संग्रहालयानजीक मेरिलिन मन्रो हिचा सुमारे आठ मीटर उंचीचा पुतळा आहे. तो रस्त्यात उभारण्यावरून गावात बराच वाद झाला. न पाहिल्यास फार काही बुडत नाही.

गावाच्या दक्षिणेस जमातीच्या अखत्यारीतील इंडियन कॅन्यन्स या घळी आहेत. त्यांतील पाम कॅन्यन सुमारे २४ किलोमीटर लांब असून वाहत्या झऱ्याकाठी पंखाकृती पानांच्या देशी ताडांची दाट राई आहे. वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती झग्यासारखी लोंबत राहतात. गावाच्या नावातील ‘पाम’ म्हणजे हीच झाडे. रस्त्याकडेची खजुराची झाडे मात्र मागाहून आणलेली आहेत. प्रवेशशुल्क माफक आहे, आणि संपूर्ण दिवस घालवता येईल असे दुसरे ठिकाण एवढ्या पैशांत येथे नाही. उन्हाळ्यात या घळी आठवड्याचे सर्व दिवस खुल्या नसतात. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या काही पायवाटा पूर्णपणे विनामूल्य आहेत, परंतु त्यांवर सावली नाही आणि पाणीही नाही. संग्रहालयाजवळून पर्वतावरील रज्जुमार्ग स्थानकाकडे जाणारी वाट २,४०० मीटरांहून अधिक चढते. तिने आजवर अनेकांचे प्राण घेतले आहेत. तिकिटाचे पैसे वाचविण्याचा तो मार्ग नव्हे.

रज्जुमार्ग १९६३ मध्ये सुरू झाला. दऱ्यांतून वर जाताना गोल डब्याची फरशी सावकाश फिरते आणि सुमारे दहा मिनिटांत प्रवासी ८०६ मीटरांवरून २,५९६ मीटरांवर पोहोचतो. खाली निवडुंग, वर पाइन वृक्षांचे अरण्य आणि हिवाळ्यात हिम, असा हा पालट आहे. वरचे तापमान बहुधा १५ ते २० अंशांनी कमी असल्याने स्वेटर सोबत असावा. तिकीट स्वस्त नाही. तरीही वर गेल्यावर उद्यानातील पायवाटांना वेगळे मूल्य पडत नाही, म्हणून सकाळीच जाऊन दिवसभर राहिल्यास ते वसूल होते. ज्येष्ठांना सवलत असते. सप्टेंबरमध्ये देखभालीसाठी रज्जुमार्ग काही दिवस बंद ठेवतात.

प्रवास आणि भोजन

विमानतळ गावाच्या मध्यापासून केवळ तीन किलोमीटरांवर आहे, तथापि लॉस एंजेलिसला उतरून बसने येणे बहुधा स्वस्त पडते. आमट्रॅकची रेल्वे आठवड्यातून तीनच दिवस धावते. तिचे स्थानक गावाबाहेर उघड्या माळावर असून तेथून पुढचे वाहन आधीच ठरवावे लागते. खोऱ्यात सनलाइन संस्थेच्या बसगाड्या फिरतात. त्यांचे साधे भाडे अनेक वर्षे एक डॉलर राहिले आहे. गावाचा मध्यभाग सपाट असल्याने हिवाळ्यात पायी अथवा सायकलने फिरता येते. रज्जुमार्गाच्या पायथ्यापर्यंत मात्र बस जात नाही. माहिती केंद्रापासून पाच किलोमीटरांहून अधिक चढ आहे, तेवढ्यापुरती भाड्याची गाडी करावी. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे प्रवेशशुल्क दर वाहनामागे असल्याने चौघांनी मिळून गेल्यास भार हलका होतो.

उपाहारगृहात देयकावर विक्रीकर व वर १८ ते २० टक्के बक्षिसी धरावी लागते. म्हणून पत्रकातील किंमत सव्वापटीहून थोडी अधिक धरूनच निर्णय घ्यावा. किराणा दुकानातून भाजी, फळे, पाव, दही आणून सकाळ-सायंकाळ भागवणे आणि दुपारी एकदा बाहेर जेवणे हा मध्यम मार्ग होय. साध्या मेक्सिकन खाणावळींत घेवड्याची उसळ, भात आणि पोळी असे पोटभर मिळते. शाकाहाऱ्यांनी उसळीत डुकराची चरबी घातली आहे काय, हे विचारावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. अमेरिकेत पिकणाऱ्या खजुराचा बहुतांश या खोऱ्यात होतो. खजूर घालून घुसळलेले थंड दूध येथे सर्वत्र मिळते. ते इतके दाट असते की दोघांत एक पुरते.