गचांडी धरल्यानंतर

कराटेच्या क्लासात पालक हमखास एक प्रश्न विचारतात, ‘सर, रस्त्यावर याचा खरंच उपयोग होतो का?’ विचारणारा बहुतेक वेळा आठवी-नववीतल्या मुलीचा बाप असतो. माझं उत्तर ठरलेलं असतं : होतो, अंतर सांभाळलं तर. पण हे अंतर टिकतं किती वेळ, आणि गेल्यावर हातात काय उरतं, हे बघायला मी कोल्हापुरातल्या एका तालमीत पहाटे जाऊ लागलो. मुलं जोर-बैठका मारत असायची आणि मी लंगोटाऐवजी जुनी ट्रॅकपँट घालून हौद्याच्या कडेला उभा असायचो. ती पँट हा तिथल्या पोरांचा कायमचा विनोद होता.

ठोशाची ताकद खांद्यात नसते. ती मागच्या टाचेतून निघते, कमरेच्या वळणातून वर येते आणि मग मुठीत उतरते. या प्रवासाला जागा लागते. समोरचा हातभर लांब आहे तोवर ती जागा मिळते. तो छातीला भिडला की कंबर वळत नाही आणि त्याच मुठीनं आपण त्याची पाठ थोपटल्यासारखं करतो. आणि आपल्याकडची मारामारी भिडूनच होते. पार्किंगवरून बाचाबाची, मग गचांडी, मग ढकलाढकली. दोघं समोरासमोर पवित्रा घेऊन उभे राहतात ते सिनेमात. मुलींच्या बाबतीत तर सुरुवातच मनगट, दंड किंवा वेणी धरण्यापासून होते.

वस्तादांनी माझ्यासमोर अकरावीतला एक पोरगा उभा केला, वजनानं माझ्याहून हलका. सलामी झाली आणि खडाखडी सुरू झाली. लांबून बघणाऱ्याला खडाखडी म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. आत उभं राहिल्यावर तिथं किती उद्योग चाललेला असतो ते कळतं. त्याचा तळवा माझ्या मानेच्या मागे, कोपर माझ्या गळपट्टीच्या हाडावर टेकलेलं, कपाळ माझ्या कानशिलाला. तो मान सतत ओढत नव्हता. एकच हिसका द्यायचा आणि सोडायचा. हिसक्याला उत्तर म्हणून मान आपोआप वर जाते, मान वर गेली की छाती उघडी पडते, वजन टाचांवर जातं आणि पुढचा पाय हलका होतो. त्याला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या हिसक्यानंतर तो खाली वाकला तो थेट माझ्या गुडघ्यामागे, आणि मी तालमीचे पत्रे बघत होतो.

‘मास्तर, एवढा लांब पाय पुढं टाकून उभं ऱ्हायल्यावर पट निघणारच की,’ वस्ताद म्हणाले. ‘आदी उभं ऱ्हायला शिका. मारायचं मागनं बघू.’

ज्या झेनकुत्सु-दाचीत मी पोरांना वर्षानुवर्षं उभं करतो, तिच्यात पुढचा पाय लांब आणि त्यावर वजन जास्त असतं. सरळ ठोशाला ती ठेवण उत्तम. पण पट काढणाऱ्याला, म्हणजे पाय धरून पाडणाऱ्याला, तो पाय आयता मिळतो. तालमीतली उभं राहण्याची तऱ्हा वेगळी : दोन्ही गुडघे मोडलेले, कंबर मागे, हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. दिसायला अगदीच बेंगरूळ. त्यात पहिली शिकवण हातांची. त्याचा हात मानेवर आला की कोपराखालून उचलून बाजूला काढायचा आणि आपला हात त्याच्या काखेतून आत घालायचा. तो पायाकडे वाकलाच तर दोन्ही पाय झटक्यात मागे फेकून छातीचं सगळं वजन त्याच्या पाठीवर टाकायचं. एवढंच. धोबीपछाड, ढाक, कलाजंग यांच्या वाटेला मी गेलो नाही आणि चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही कराटेवाल्यानं जाऊ नये. मणके एकदाच मिळतात.

उलटा प्रयोगही करून पाहिला. वस्तादांच्या परवानगीनं मी जाड ग्लोव्ह्ज घातले आणि त्याच पोराला पटासाठी यायला सांगितलं. कुस्तीत तोंडावर काही येत नसल्यामुळे तो डोकं खाली घालून बिनधास्त शिरायचा. हळू सोडलेला गुडघा त्याच्या कपाळाशी थांबायचा, कधी खालून आलेला ठोसा हनुवटीला टेकायचा. तो दचकायचा, डोळे मिटायचा. पण काही दिवसांतच हात कपाळासमोर धरून यायला शिकला. मला मान सांभाळायला मात्र कितीतरी जास्त वेळ लागला.

भिडल्यावर ठोसेवाला अडकतो, हीच गोष्ट जगानं 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पाहिली. यूएफसी या मिश्र लढतींच्या पहिल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिली जुजुत्सूवाल्यानं एका रात्रीत तिघांना हरवलं. त्यातला आर्ट जिमर्सन मुष्टियोद्धा होता आणि एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. ग्रेसी छातीवर बसला आणि जिमर्सननं कुठलीही पकड लागण्याआधीच हार मानली. मार बसला म्हणून नव्हे, खाली पडल्यावर काय करायचं तेच ठाऊक नव्हतं म्हणून. लोक इथंच थांबतात आणि ‘ठोसेवाले संपले’ असा निकाल देतात. मला जास्त मोलाची वाटते ती जुलै 1997 मधली लढत. किकबॉक्सर मॉरिस स्मिथनं मार्क कोलमन या तगड्या पैलवानाला गुणांवर हरवलं. स्मिथ पैलवान झाला नव्हता. खाली सापडल्यावर तग धरायचा आणि संधी मिळताच उठून उभं राहायचं, एवढं तो शिकून आला होता. कोलमन दमला, आणि मग उभ्यानं लढायला स्मिथ मोकळा.

ठोसेवाल्याला झोंबाझोंबी यायला हवी ती एवढ्याचसाठी, असं माझं मत आता पक्कं झालंय. जमिनीवर जिंकायला नको, तिथून सुटायला हवी. आणि इथं तालीमसुद्धा पुरत नाही. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवान पडताना पालथा वळतो आणि मातीला छाती लावून राहतो. हौद्यात ते शहाणपण आहे. रस्त्यावर पालथा पडलेल्याच्या पाठीवर कुणी बसलं तर त्याला काहीच दिसत नाही. जुजुत्सूत याच्या अगदी उलट : पाठीवर आरामात पडून पायांनी समोरच्याला कवटाळायचं. मॅटवर सुरेख, पण खाली डांबर आहे आणि समोरच्याचे दोन दोस्त मोटारसायकल लावून येतायत. आपल्याकडे दोघांचं भांडण दोघांतच राहिलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

पडणं मी ज्युदोतून घेतलं : हनुवटी छातीला, पाठ गोल, हात जमिनीवर सपाट आपटायचा. रस्त्यावर जीव जातो तो पुष्कळदा ठोशानं नव्हे, ठोशानंतर डोकं सिमेंटवर आपटून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं 2014 मध्ये एका ठोशानं होणाऱ्या अशा मृत्यूंसाठी वेगळा गुन्हा कायद्यात घातला.

ठोसा मारणाऱ्याचंही काही खरं नसतं. 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये माइक टायसन रस्त्यावर मिच ग्रीन या मुष्टियोद्ध्याशी भिडला आणि टायसनच्याच उजव्या हाताचं हाड मोडलं. तेव्हा तो हेवीवेटचा जगज्जेता होता. कवटी कठीण, बोटांमागची हाडं बारीक आणि रस्त्यावर ना पट्टी ना ग्लोव्ह. शिवाय समोरचा प्रत्येक वेळी गुंड थोडाच असतो? लग्नाच्या मांडवात झिंगलेला चुलतभाऊ असतो, जिन्यात अंगावर आलेला शेजारी असतो. त्याचं नाक फोडून चालत नाही, धरून ठेवावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करण्याची मर्यादाही त्याच कलमांत आहे. मारण्याशिवाय काहीच न येणाऱ्याला ही मर्यादा पाळणं अवघड जातं. चाकू निघाला तर मात्र यातलं काहीही आठवू नये, पळावं.

तालमीत मला जे मिळालं ते कुठल्या डावापेक्षा मोठं होतं. कुमितेत, म्हणजे कराटेच्या सराव-लढतीत, आम्ही ठोसा अंगापाशी आणून थांबवतो किंवा हलका लावतो. रोज पूर्ण ताकदीनं डोक्यावर मारत बसलो तर मेंदूची वाट लागेल. त्यामुळे आमच्या मुलांनी खरोखर अडवणारा माणूस फार क्वचित पाहिलेला असतो. तालमीत मात्र रोज पहाटे समोरचा पूर्ण जोर लावतो, तुम्ही पूर्ण जोर लावता आणि आठ वाजता दोघं अंग पुसून आपापल्या कामाला जाता. दम कुठं संपतो, घाबरल्यावर आपला श्वास कसा अडकतो, हे तिथं रोज कळतं. काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या, सुबकतेला यानं बाधा येते, अशी तक्रार माझ्याच गुरुबंधूंनी केली. कदाचित येतही असेल.

क्लासात आता शनिवारची सुरुवात गचांडीपासून होते. जोडीदार कॉलर किंवा मनगट घट्ट धरून ढकलतो. पाय नीट रोवले जाईपर्यंत ठोसा मारायचा नाही. हात सोडवा, काखेत हात घाला, बाजूला व्हा. पडलात तर एक हात तोंडासमोर, दुसरा मागे जमिनीवर, एक पाय रोवलेला. दुसरा पाय अंगाखालून मागे ओढायचा आणि समोरच्यावरची नजर न हटवता उठायचं. मोठ्यांना हे जड जातं, दहा-बारा वर्षांच्या पोरी पटकन उचलतात. उठल्यावर दोन ठोसे मारायची मुभा आहे, मग दाराकडे धाव. बऱ्याच जणी ते दोन ठोसे न मारताच दार गाठतात. मी त्यांना पूर्ण गुण देतो. मोठी मुलं त्यावरून अजून कुरकुरतात.