पकड सुटल्यानंतरची गाडी



संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती खेळण्याची हौस आज पुष्कळांना आहे. यांतील कांहीं खेळ स्वतःस 'सिम्युलेटर', म्हणजे प्रत्यक्षाची प्रतिकृति, म्हणवितात. हा दावा पारखावयाचा कसा? गाडी सुरळीत चालली असतां नव्हे, तर तिच्या चाकांची रस्त्यावरील पकड सुटल्यानंतर.

प्रथम पकड म्हणजे काय तें पाहूं. वळणावर चाकाचें तोंड ज्या दिशेला असतें, नेमकें त्याच दिशेला तें जात नाहीं. टायरचें रबर पिळवटतें आणि या दोन दिशांमध्यें लहानसा कोन पडतो. त्याला आपण घसरकोन म्हणूं. हा कोन वाढतो तसा गाडीला वळणावर धरून ठेवणारा जोरहि वाढतो. कोरड्या रस्त्यावर साधारणतः ५ ते १० अंशांच्या सुमारास तो शिखर गाठतो व त्यापुढें उतरूं लागतो. ही उतरण कड्यासारखी कीं टेकडीसारखी, हाच खरा प्रश्न आहे. कोरड्या डांबरावर ती टेकडीसारखी असते. घसरणाऱ्या टायरच्या अंगीं बरीच पकड शिल्लक राहते. म्हणूनच मागची चाकें ज्या बाजूला घसरतात त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवून कुशल चालक गाडी सांवरूं शकतो.

मग सिम्युलेटर येथें कां चुकतात? नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठांतले हान्स पाचेयका यांनीं सहकाऱ्यांसह १९८७ सालीं टायरच्या वर्तनाचें एक सूत्र मांडलें. 'मॅजिक फॉर्म्युला' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. तें रबराच्या गुणधर्मांतून सिद्ध केलेलें नसून, प्रत्यक्ष मोजमापांवर बसविलेली वक्ररेषा आहे. जेथें मोजमापें आहेत तेथें तें विश्वासार्ह; जेथें नाहींत तेथें केवळ तर्क. मोठ्या कोनांत टायर भराभर तापतो व झिजतो, म्हणून तेथील मोजमापें विरळ. तर्क चुकला कीं पडद्यावरील गाडी बर्फावर असल्यासारखी भिरभिरते, किंवा कितीहि घसरली तरी आपोआप सरळ होते.

'पॅपिरस' या अमेरिकन कंपनीनें १९९८ सालीं काढलेल्या 'ग्रां प्री लेजेंड्स' या खेळांत १९६७ सालच्या, वायुपंख नसलेल्या गाड्या होत्या. नवखा खेळाडू पहिल्याच वळणावर गरगरे. हलक्या पायानें वेग देणाऱ्यास मात्र तीच गाडी घसरत घसरत वळणापार नेतां येई.

गणित अचूक असलें तरी एक उणीव उरतेच. खऱ्या गाडींत मागचा भाग सुटतांच पाठीला आणि आंतल्या कानाला तें कळतें. घरच्या खुर्चींत भिस्त राहते ती डोळ्यांवर व हातांवर. पुढचे टायर शिखराशीं पोंचण्यापूर्वींच स्टिअरिंगला सरळ करूं पाहणारा जोर ओसरूं लागतो. उत्तम सिम्युलेटर हा हलकेपणा मोटारीच्या साहाय्यानें हातांना जाणवून देतो.

ही चिकित्सा निव्वळ हौसेपुरती नाहीं. जॅन मार्डनबरो हा तरुण २०११ सालीं अशाच खेळाच्या स्पर्धेंतून खऱ्या शर्यतींत आला आणि २०१३ सालीं ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतींत त्याची गाडी आपल्या वर्गांत तिसरी आली. पडद्यापुढें शिकलेलें रस्त्यावर उतरतें, तें असें. घसरण्याच्या क्षणीं विचाराला सवड नसते. हात संवयीनेंच फिरतात. ती संवय लावणारा गुरु खरा असला पाहिजे.