नवोदय विद्यालयाची निवड-परीक्षा आणि बोलीभाषक विद्यार्थी

कर्जत-खालापूर भागातील प्राथमिक शाळेच्या एखाद्या पाचवीच्या वर्गात घटकाभर बसले असता एकाच खोलीत तीन-चार प्रकारचे बोलणे कानी पडते. आगरी मुलाच्या तोंडी डोळ्याचा ‘डोला’ व पाण्याचे ‘पानी’ होते. कुणबी व ठाकर मुलांची धाटणी निराळी. आणि कातकरी मुले आपसांत जे बोलतात ते या सर्वांहून दूरचे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कातकरीची दखल मराठीच्या पोटात घेतलेली आहे, आणि सरकारदरबारी तिचे स्थान पुढेही बहुतांशी तेच राहिले. या वर्गांतील मुलांस जिल्ह्याच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड-परीक्षेस बसता येते. ती परीक्षा नेमके काय मोजते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१९८६च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणातून ही योजना उभी राहिली. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व आपल्याकडील अमरावती येथे निघाली. रायगड जिल्ह्याचे विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. सहावीच्या वर्गात अधिकांत अधिक ८० मुले घेतली जातात. त्यांपैकी निदान ७५ टक्के ग्रामीण भागातील व एक-तृतीयांश मुली असाव्यात, आणि अनुसूचित जाती-जमातींस जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असा नियम आहे. अशा मिश्र समुदायाचे पुढे काय होते? २०२० साली केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत एकंदर ८८.७८ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर नवोदय विद्यालयांचे ९८.७ टक्के. राखीव जागांनी गुणवत्ता खालावते असे म्हणणाऱ्यांस एवढे उत्तर पुरे व्हावे. तथापि हा निकाल आधीच निवडून घेतलेल्या मुलांचा आहे, हेही विसरता येत नाही. खरी चाळणी अकराव्या वर्षीच लागून गेलेली असते.

ती चाळणी दोन तासांची व १०० गुणांची. निम्मे गुण बौद्धिक क्षमतेचे असून तेथील प्रश्न आकृत्यांचे असतात. भाषेचे अडसर दूर ठेवण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होय. उरलेल्यांपैकी २५ अंकगणितास व २५ भाषेस. भाषेच्या भागात उतारे वाचून उत्तरे द्यावयाची असतात, आणि ते प्रमाण मराठीत असणार हे उघडच आहे. माझ्या मते अधिक विचार करावयास हवा तो अंकगणिताचा. ‘शंभर रुपयांस खरेदी केलेली वस्तू शेकडा दहा तोटा सोसून विकल्यास विक्रीची किंमत किती?’ या धर्तीचे वाक्य घ्या. त्यात ‘केलेली’ हे धातुसाधित विशेषण, ‘सोसून’ हे पूर्वकालवाचक आणि ‘विकल्यास’ हे संकेतार्थी रूप एकात एक गुंफलेली आहेत. ती सोडविल्यावाचून वजाबाकी कोणती करावयाची हेच कळत नाही. बोलण्यात हाच मजकूर ‘आनला शंभराला, दहाची खोट बसली, इकला केवढ्याला?’ असा तुटक, पण घडल्या क्रमाने येतो. हिशेब एकच, वाक्यरचना मात्र दोन.

खोपोलीलगतच्या साजगावास कार्तिकात विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे त्या देवास ‘बोंबल्या विठोबा’ हे नाव पडले आहे. अशा बाजारात वाट्यांचा, मापांचा आणि सुट्या पैशांचा हिशेब तोंडी चालतो, आणि पोरेही तो करतात. ब्राझीलमधील रेसिफे शहरात काराहेर व श्लीमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे आठवतो. बाजारात माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांनी विक्री करताना ९८ टक्के हिशेब अचूक केले. तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्केच बरोबर आले. मुले अवघी पाच होती, हे खरे. पण २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांतील मुलांच्या अभ्यासाचा कौलही त्याच दिशेचा आहे.

कातकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. पाऊस सरून दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव पटावर राहते, मूल भट्टीवर असते. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी आपल्याकडे निवड-परीक्षा जानेवारीत झाली. शिवाय उमेदवाराने तिसरी, चौथी व पाचवीची वर्षे पूर्ण शाळेत काढलेली असावीत, अशी अट आहे.

२०११च्या जनगणनेनुसार रायगडात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के. म्हणजे ८० जागांत नऊ. त्या नऊ जागांवर महादेव कोळी, ठाकर व कातकरी या सर्वांचा सारखाच हक्क आहे. निवडीच्या नियमात प्रवर्ग आहे, लिंग आहे, गाव-शहर आहे. घरची बोली नाही. नऊच्या नऊ जागा एकाही कातकरी मुलावाचून भरल्या, तरी नियम पाळला गेला असेच म्हणावे लागेल.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे करण्याजोगे काम आहे, आणि त्यास मोठा खर्चही नाही. पाचवीच्या अंकगणिताची वीस उदाहरणे घ्यावीत. ती एका गटास छापील प्रमाण मराठीत, दुसऱ्यास तीच मराठी मोठ्याने वाचून, आणि तिसऱ्यास त्या त्या मुलाच्या बोलीत सांगून सोडवावयास द्यावीत. आगरी, ठाकर व कातकरी मुलांच्या नोंदी मात्र निरनिराळ्या ठेवाव्यात, आणि हे काम दिवाळीपूर्वी उरकावे; नंतर कातकरी मुले वर्गात भेटणार नाहीत.