जेमी ऑलिव्हर आणि ३७ पेन्सचं जेवण

आज बोलूया ब्रिटनच्या जेमी ऑलिव्हरबद्दल. त्याच्या पास्ताचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण त्याचं सगळ्यात मोठं काम शाळेच्या किचनमध्ये झालंय.

जेमीचा जन्म १९७५चा, इसेक्समधला. आईवडिलांचा पब होता, 'द क्रिकेटर्स'. पोरगा तिथेच स्वयंपाकाला लागला. डिस्लेक्सियामुळे वाचायला त्रास व्हायचा, म्हणून १६व्या वर्षी शाळा सुटली. पुढे केटरिंग कॉलेज केलं आणि लंडनच्या 'रिव्हर कॅफे'त नोकरी धरली. तिथे एका माहितीपटाचं शूटिंग झालं आणि टीव्हीवाल्यांनी त्याला हेरलं. १९९९ साली बीबीसीवर 'द नेकेड शेफ' आला. नाव ऐकून दचकू नका! नटवानटवी काढून टाकलेली साधी रेसिपी, एवढाच त्याचा अर्थ.

आता येऊया २००५ला. 'जेमीज स्कूल डिनर्स' या मालिकेसाठी तो लंडनच्या ग्रेनिच भागातल्या शाळांत गेला. एका मुलाच्या जेवणाच्या सामानाला मिळायचे फक्त ३७ पेन्स! एवढ्यात काय येणार? तळलेले बटाटे आणि 'टर्की ट्विझलर्स' नावाचे तयार मांसाचे वेटोळे. जेमीने ताजं जेवण बनवलं, तर मुलांनी ते नाकारलं. किचनमधल्या बायकांचं कामही वाढलं. म्हणजे नुसती रेसिपी बदलून भागणार नव्हतं, पैसे आणि कामाचे तासही वाढवायला हवे होते.

मग त्याने सह्यांची मोहीम काढली. २ लाख ७० हजारांवर सह्या थेट पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडे गेल्या आणि सरकारने २८ कोटी पौंड जाहीर केले.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. २००६मध्ये रॉमार्श गावात काही आया शाळेच्या कुंपणातून मुलांना बर्गर-चिप्स पोचवत होत्या. पण पुढे अर्थतज्ज्ञांनी ग्रेनिचची आकडेवारी तपासली, तेव्हा इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारलेले दिसले. आजारपणासारख्या कारणांनी पडणाऱ्या रजा १४ टक्क्यांनी घटल्या होत्या.

धंद्यात मात्र तो आपटला. २००८ला सुरू केलेली 'जेमीज इटालियन' ही हॉटेलांची साखळी २०१९मध्ये बुडाली आणि सुमारे हजार जणांच्या नोकऱ्या गेल्या. ही बाजूही त्याच्या खात्यात धरायलाच हवी.

तरी मला वाटतं, टीव्हीवरच्या शेफने पोरांच्या ताटाचा हिशोब थेट सरकारला विचारला, हे लक्षात राहण्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!