बरे होणे आणि बरे वाटणे

मराठीत ‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’ यांत भेद आहे. सोरायसिससारखा चिवट त्वचाविकार आटोक्यात येतो, समूळ जात नाही. तेथे हा भेद मोलाचा ठरतो. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी वेदना शरीराबरोबरच मनाची आणि नात्यांचीही असते, अशी मांडणी केली. मरणासन्नांच्या सेवेतून आलेला हा विचार येथेही लागू पडतो. खाज, उडालेली झोप, लोकांच्या नजरा, शिवल्याने रोग लागतो हा गैरसमज, यांचीही विचारपूस हवी. कार्डिफच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत (१९९४) संकोच, कपडे, काम, नाती यांविषयी विचारलेले असते. उपशामक सेवा म्हणजे उपचार सोडणे नव्हे. बरे होणे हाती नसले, तरी बरे वाटणे हेही उपचाराचेच काम मानणे होय.