मेंदूचा हुकूम आणि स्टिरॉइडची गोळी

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. छाती धडधडवणारं ॲड्रिनलिन तिच्या गाभ्यातून येतं. आजारपणात, अपघातात रक्तदाब आणि साखर सांभाळणारं कॉर्टिसॉल बाहेरच्या थरातून. ही दोन्ही संप्रेरकं किती सोडायची, हे मुख्यतः मेंदू ठरवतो.

गाभ्याकडे त्याचा हुकूम थेट मज्जातंतूंतून जातो. म्हणून दुचाकीसमोर कुत्रं आडवं आलं, की काय झालं ते नीट कळण्याआधीच छाती धडधडू लागते. पण हुकूम मेंदूच्या कोणत्या भागातून निघतो? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातील पीटर स्ट्रिक यांच्या गटानं 2016 साली त्याचा शोध घेतला. त्यांनी माकडांच्या ॲड्रिनलमध्ये रेबीजचा विषाणू सोडला. हा विषाणू मज्जातंतूंवरून मेंदूकडे चढत जातो, त्यामुळे त्याचा माग काढला की वाट सापडते. भावनांशी निगडित भाग सापडले, यात नवल नाही. पण हालचाली घडवणारे भागही सापडले, त्यातही धडाच्या स्नायूंशी संबंधित! योगासनांनी ताण का हलका होतो, याचं उत्तर कदाचित इथे असेल, असं या संशोधकांनी सुचवलं. ते सिद्ध झालेलं नाही, पण मला ही शक्यता फार मोलाची वाटते.

कॉर्टिसॉलची वाट रक्तातून जाते. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यानं पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच सोडते आणि मग ॲड्रिनल कामाला लागते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं, की मेंदू हात आखडता घेतो.

धोका नेमका इथे आहे. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या कित्येक आठवडे घेतल्या, की मेंदू त्यांनाच कॉर्टिसॉल समजतो. एसीटीएच आटतं, ग्रंथीचा बाहेरचा थर आक्रसतो. अशा वेळी गोळी एकदम बंद केली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जिवावर बेततं. ग्रंथी पूर्ववत व्हायला काही महिनेही लागू शकतात. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड आपल्या मनानं थांबवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मात्रा हळूहळू कमी करा, आणि शस्त्रक्रिया ठरली तर या गोळ्यांबद्दल आधी सांगा.